आखणी पक्की झाल्यावर लोकांना काय विचारायचं?

वाटसरू

रस्ता असो, धरण असो, विमानतळ असो की सांडपाण्याची वाहिनी, बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम एकच असतो. आधी जागा ठरते, मग आखणी, मग अंदाजपत्रक, मग पैशांची तजवीज. एवढं सगळं उरकलं की सभा बोलावतात आणि विचारतात, "कोणाच्या काही हरकती-सूचना?" माणसं पोटतिडकीने बोलतात, इतिवृत्त लिहिलं जातं आणि काम ठरलं होतं तसंच होतं. अशा सभांमध्ये नोंदी घ्यायला आणि चर्चा पुढे न्यायला मी बरीच वर्षं बसतो आहे. माझं मत ठाम झालं आहे, ते इथे मांडतो. लोकांना विचारलं का, यापेक्षा कधी विचारलं हे बघायला हवं. पर्याय शिल्लक असताना विचारलं तर त्याला काही अर्थ आहे.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस शहरात १९९८ साली पर्यावरणविषयक माहिती आणि लोकसहभागाबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलं आहे की लोकांचा सहभाग सुरुवातीलाच, सर्व पर्याय खुले असताना घ्यायचा. अमेरिकेचा पर्यावरण धोरण कायदा त्याहून जुना, १ जानेवारी १९७० ला सही झालेला. त्याखालच्या १९७८ च्या नियमांत पर्यायांचा भाग हा अहवालाचा गाभा मानला होता, आणि त्यात 'काहीच न करणे' हाही पर्याय तपासावा लागे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'हा प्रकल्प नकोच' हे उत्तर कागदावर शक्यच नसेल, तर समोरच्याला आपण नक्की काय विचारतोय?

उशिरा विचारण्याची, खरं तर न विचारण्याची, किंमत बघायची तर जपानच्या नारिता विमानतळाकडे बघा. १९६५ मध्ये टोकियोजवळ तोमिसातो ही जागा पुढे आली, तिथे विरोध झाला. मग जुलै १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने अचानक सान्रिझुका ही शेजारची जागा ठरवली. तिथल्या शेतकऱ्यांशी आधी बोलणं झालेलं नव्हतं. त्यांतले कित्येक जण युद्धानंतर पडीक जमीन फोडून तिथे वसले होते. १९७१ मध्ये सक्तीने जमिनी घेतल्या गेल्या, चकमकी झाल्या, त्यांत पोलीस मारले गेले. विमानतळ ३० मार्च १९७८ ला सुरू व्हायचा होता. चारच दिवस आधी आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि त्यांनी यंत्रणा फोडली. उद्घाटन २० मे रोजी झालं, तेही एकाच धावपट्टीवर. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये सुरू झाली आणि आराखड्यातल्या २,५०० मीटरऐवजी २,१८० मीटरच भरली, कारण मधल्या जमिनी मिळाल्या नव्हत्या. पूर्ण लांबी मिळायला २००९ उजाडलं.

मधल्या काळात काय घडलं ते जास्त बोलकं आहे. १९९१ पासून तिऱ्हाईत विद्वानांच्या मध्यस्थीने सरकार आणि शेतकरी जाहीरपणे समोरासमोर बसले. यापुढे सक्तीने जमीन घेणार नाही, हे सरकारने मान्य केलं. १९९५ मध्ये पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी माफी मागितली. जी बैठक १९६६ च्या आधी व्हायला हवी होती, ती पंचवीस वर्षांनी झाली. मधे माणसं गेली.

आता उलट बाजू. कोपनहेगनच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन नावाचा पवनचक्क्यांचा प्रकल्प आहे. पहिल्या आराखड्यात २७ चक्क्या तीन रांगांत होत्या. शहरासमोरचं समुद्राचं दृश्य बिघडेल, असं जाहीर सुनावणीत लोकांनी सांगितलं. आराखडा बदलला: २० चक्क्या, एकाच वक्र रेषेत. २००० साली तो उभा राहिला आणि त्याची निम्मी मालकी साडेआठ हजारांहून जास्त सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आहे. विरोध करू शकले असते तेच लोक त्याचे मालक झाले.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः अभियंते, नियोजनकार, प्रकल्पबाधित अशा ज्यांनी हे आतून पाहिलं आहे त्यांनी.

---

कंटूर

मी रस्ते आणि पुलांच्या आखणीत काम करतो. तुमच्या हेतूशी सहमत आहे, पण 'लवकर विचारा' हे लिहायला जितकं सोपं तितकं करायला नाही. दोन अडचणी मांडतो.

पहिली अशी. प्राथमिक टप्प्यात आमच्या हातात असतो नकाशावरचा एक रुंद पट्टा. सभेत पहिला प्रश्न येतो, "माझं घर जाणार का?" माझ्याकडे खरं उत्तर असतं, "अजून माहीत नाही." ज्याच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लागलंय त्याला हे उत्तर टोलवाटोलवी वाटतं. पुढच्या सभेला तो येतो तेव्हा त्याचा विश्वास उडालेला असतो.

दुसरी जास्त गंभीर आहे. तीन पर्यायी मार्ग जाहीर केले की तिन्ही पट्ट्यांतली माणसं टांगणीला लागतात. घर विकलं जात नाही, कर्ज मिळत नाही, दुरुस्तीवर पैसे घालायचा धीर होत नाही. शेवटी एकच मार्ग निवडला जातो, पण उरलेल्या दोन पट्ट्यांतल्या कुटुंबांची काही वर्षं वाया गेलेली असतात. त्यांना भरपाई कोणी देत नाही. शिवाय जमिनीचे दलाल मूळ मालकांच्या आधी नकाशा वाचतात आणि स्वस्तात खरेदी करून मोकळे होतात. गुप्तता आम्हाला आवडते म्हणून कोणी पाळत नाही, तिला ही कारणं आहेत.

---

वाटसरू

>>> तिन्ही पट्ट्यांतली माणसं टांगणीला लागतात

हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून गुप्तता पाळली तर दलालांचंच फावतं, कारण कार्यालयातून नकाशा त्यांच्यापर्यंत पोचतोच. अंधारात राहतो तो मूळ मालक.

ब्रिटनमध्ये यावर कायदेशीर तोड आहे. प्रस्तावित योजनेमुळे घर वाजवी किमतीला विकता येत नसेल, तर ठरावीक अटींवर मालक नोटीस देऊन 'आत्ताच विकत घ्या' असं संबंधित प्राधिकरणाला सांगू शकतो. म्हणजे अनिश्चिततेचा बोजा निदान काही प्रमाणात प्रकल्प आणणाऱ्याच्या खांद्यावर जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुदत. १९९० च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या वेगवान रेल्वेमार्गाला मोठा विरोध झाला. त्या अनुभवानंतर १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक चर्चेसाठी एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. मोठ्या प्रकल्पावर तिथे आराखडा ठरण्याआधी चर्चा होते, आणि 'हवा की नको' हा प्रश्नही त्यात असतो. चर्चा साधारण चार महिन्यांत संपते. आयोग प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात मत देत नाही. कोण काय म्हणालं आणि कुठले युक्तिवाद पुढे आले, एवढंच मांडतो. त्यानंतर तीन महिन्यांत प्रकल्पकर्त्याला जाहीर करावं लागतं की तो पुढे जाणार का, कोणते बदल करणार, कुठल्या कारणाने. अनिश्चितता असते, पण ती कधी संपणार याची तारीख सगळ्यांना ठाऊक असते.

"अजून माहीत नाही" याबद्दल: ते उत्तर द्या, फक्त त्याला जोडून "अमुक महिन्यात कळेल आणि तोवर अमुक गोष्ट आम्ही करणार नाही" हे लेखी द्या. लोक अनिश्चितता सोसतात. आपल्याला खेळवलं जातंय ही भावना त्यांना सोसवत नाही.

---

मृण्मयी_के

सभेला कोण येतं, यावर कोणी बोलत नाहीये म्हणून लिहिते.

भर दुपारी किंवा रात्री सभा ठेवली की ज्यांच्यावर घरातल्या लहानांची, आजाऱ्यांची, पाण्याची जबाबदारी आहे त्या बायका येत नाहीत. रोजावर जाणारे येत नाहीत. भाडेकरू येत नाहीत, कारण नोटीस मालकाच्या नावे जाते. कसणारा येत नाही, सातबारावर नाव असलेला येतो. मग इतिवृत्तात लिहिलं जातं 'स्थानिकांचा पाठिंबा आहे' किंवा 'स्थानिकांचा विरोध आहे', आणि ते स्थानिक म्हणजे पहिल्या दोन रांगांत बसलेले पुरुष असतात.

यात न्यायाचा प्रश्न आहेच, पण आराखडाही चुकतो. पेरूमध्ये १९९५ पासून ग्रामीण रस्त्यांचा कार्यक्रम राबवला गेला. अभियंत्यांच्या यादीत वाहनांचे रस्ते होते. बायकांशी वेगळं बोलल्यावर कळलं की त्यांचं रोजचं येणं-जाणं पाऊलवाटांनी आणि जनावरांच्या वाटांनी होतं. शेत, पाणी, जळण, शेजारचं गाव, सगळं त्याच वाटांवर. त्या वाटा कुठल्याच यादीत नव्हत्या, कारण त्यांवर वाहन जात नव्हतं आणि मोजणी वाहनांचीच होत होती. बायकांच्या मागणीमुळे त्या वाटांची सुधारणा कार्यक्रमात आली.

एकच मोठी सभा घेण्याऐवजी लहान लहान बैठका घ्या, वेगवेगळ्या वेळी, लोक जिथे असतात तिथे. बायकांची बैठक वेगळी घ्या आणि तिच्या नोंदी बाईलाच घेऊ द्या. भिंतीवर नकाशा लावून भाषण देण्यापेक्षा सगळ्यांबरोबर त्या आखणीवरून चालत जा. मी पाहिलं आहे, सभेत तोंड न उघडणारी माणसं चालताना भरभरून बोलतात. बांधाशी आल्यावर थांबून सांगतात, इथे पाणी साचतं, इथून मुलं शाळेला जातात.

---

आडवाट

हे सगळं चांगलं आहे, पण मूळ प्रश्न सत्तेचा आहे. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना हवं तसं वळवणं, मधे माहिती देणं आणि सल्ला विचारणं, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि प्रत्यक्ष नियंत्रण. जगभरातल्या जनसुनावण्या मधल्या पायऱ्यांवर अडकलेल्या आहेत. ऐकून घेतात, पण ऐकलेलं मानायचं बंधन नाही.

भारताचंच बघा. २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे. किमान ३० दिवसांची नोटीस, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची देखरेख, चित्रीकरण, सगळं लिहिलेलं आहे. पण सभा सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. स्थानिक भाषेत मिळतो तो फक्त सारांश. आणि मुख्य म्हणजे ही सुनावणी होते मसुदा अहवाल तयार झाल्यावर. कोणते परिणाम तपासायचे हे त्याआधीच्या टप्प्यात ठरून गेलेलं असतं, आणि तिथे लोकांना जागाच नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सामाजिक परिणामांचा अभ्यासही करावा लागतो. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत जे तेरा कायदे आहेत त्यांत राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे आणि मेट्रोचे कायदे आहेत. त्यांच्याखालच्या भूसंपादनाला भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी पुढे लागू झाल्या, संमतीच्या आणि परिणाम-अभ्यासाच्या झाल्या नाहीत. म्हणजे ज्या लांबलचक प्रकल्पांनी सगळ्यात जास्त गावं चिरली जातात, तिथेच विचारण्याचं बंधन सैल.

नकार देण्याचा अधिकार मिळाला की काय होतं, हे ओडिशातल्या नियमगिरी डोंगरांतल्या गावांनी दाखवलं. तिथला प्रकल्प बॉक्साइटच्या खाणीचा होता, पायाभूत सुविधेचा नव्हता, पण मुद्दा तोच. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या लोकांचे धार्मिक-सांस्कृतिक हक्क बाधित होतात का, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्या वर्षी १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने प्रस्ताव फेटाळला. तिथे कोणी चर्चेचं कसब दाखवायची गरज पडली नाही. गावाच्या शब्दाला कायद्याचं वजन होतं, म्हणून सगळ्यांनी नीट ऐकलं.

नकाराधिकार नसलेला सहभाग ही औपचारिकता आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

प्रवाह

मी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणात काम करते. महामार्ग आणि धरणांवरून थोडं खाली, गल्लीत येऊया. तिथे सहभाग म्हणजे सभा नसतेच.

कराचीतल्या ओरंगी या प्रचंड अनधिकृत वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये एक काम सुरू केलं. लोकांना सगळ्यात जास्त त्रास होता तो उघड्या सांडपाण्याचा. सरकारी खर्चाचे आकडे लोकांच्या आवाक्याबाहेर होते. खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाची विभागणीच वेगळी केली. घरातला संडास, गल्लीतली वाहिनी आणि ती पुढे जोडणारी दुय्यम वाहिनी हा 'आतला' भाग. तो रहिवाशांनी आपल्या पैशाने, आपल्या देखरेखीखाली बांधायचा. मोठी मुख्य वाहिनी, नाला आणि शुद्धीकरण हा 'बाहेरचा' भाग, तो सरकारचा. वीस-तीस घरांची एक गल्ली हे एकक. गल्लीने आपला माणूस निवडायचा, त्याने पैसे गोळा करायचे. खान यांची संस्था फक्त मोजणी, उतार, आराखडा, अवजारं आणि मार्गदर्शन देणार. पैसे नाही.

इतकं स्वस्त आणि इतकं टिकाऊ ते का झालं? मधले कंत्राटदार गेले, आणि आराखडा इतका साधा केला गेला की गल्लीतल्या माणसाला तो समजेल आणि तपासता येईल. आपल्या दारातल्या चेंबरमध्ये किती सिमेंट पडलं, हे घरमालक उभा राहून बघतो. तशी देखरेख कुठलाही कनिष्ठ अभियंता करू शकत नाही.

पुढे तिथल्या तरुणांनी वस्त्यांचे, नाल्यांचे नकाशे काढले. त्या कामामागे वास्तुरचनाकार परवीन रहमान होत्या. कागदोपत्री अस्तित्वात नसलेल्या वस्त्या नकाशावर आल्या आणि लोकांनी आधीच किती काम करून ठेवलंय हे सरकारी यंत्रणेला मान्य करावं लागलं. २०१३ मध्ये परवीन रहमान यांची हत्या झाली. जमीन आणि पाण्याचे नकाशे लोकांच्या हातात गेल्याने कोणाकोणाला धक्का पोचतो, हे त्यावरून लक्षात घ्यावं.

ब्राझीलमध्येही १९८० च्या दशकापासून याच्या जवळ जाणारी पद्धत आहे. तिथे मलवाहिनी प्रत्येक घराला वेगळी न देता घरांच्या एका गटाला एक जोडणी देतात, आणि गटातली वाहिनी कुठून न्यायची हे रहिवासी बैठकीत ठरवतात: घरामागून, पुढच्या अंगणातून की पदपथाखालून. प्रत्येक पर्यायाचा खर्च वेगळा, देखभाल कोणी करायची हेही वेगळं. वाहनांचं वजन वरून जात नाही, त्यामुळे नळ उथळ चालतात, व्यास लहान चालतो, खोदाई वाचते. राजधानी ब्राझिलियात ही पद्धत गरीब वस्त्यांत आणि श्रीमंत भागांत, दोन्हीकडे वापरली गेली. मला हे फार आवडतं, कारण 'लोकसहभाग म्हणजे गरिबांकडून फुकट मजुरी' हा आरोप तिथे टिकत नाही.

हा आरोप मात्र इतरत्र खरा ठरतो, तेही सांगते. ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांना घरापर्यंत नळ, आणि गरिबांना 'या, तुम्हीच खड्डा खणा', असं होत असेल तर त्याला सहभाग म्हणू नये.

---

कंटूर

प्रवाह, तुमचा प्रतिसाद वाचून एक काम आठवलं. एका नदीवरच्या पुलाच्या जोडरस्त्याचं सर्वेक्षण चालू होतं. त्या नदीवर प्रवाह मोजणारं केंद्र जवळपास नव्हतं, त्यामुळे पाणलोट क्षेत्र आणि पावसावरून पुराचा अंदाज काढला होता. सर्वेक्षणाच्या वेळी तिथल्या रहिवाशांनी सांगितलं की मोठ्या पुरात पाणी नदीच्या पात्रातून येतच नाही. वरच्या वळणावर काठ फोडून ते शेतांतून आडवं येतं. त्यांनी भिंतींवरच्या जुन्या पुराच्या खुणा दाखवल्या. आम्ही त्या खुणांची पातळी घेतली. जोडरस्त्याचा भराव तसाच घातला असता तर तो बंधाऱ्यासारखा उभा राहिला असता आणि वरच्या बाजूची वस्ती बुडाली असती. भरावात जास्तीच्या मोऱ्या घातल्या, रस्त्याची पातळीही बदलली. काम अजून कागदावर होतं म्हणून हे सहज जमलं. निविदा निघाल्यावर तेच करायचं तर सुधारित अंदाजपत्रक, फेरमान्यता, वाढीव काम, कंत्राटदाराचे दावे असं सगळं मागे लागलं असतं. त्यामुळे वाटसरू यांच्या वेळेच्या मुद्द्याला माझा अनुभव दुजोराच देतो.

पण आडवाट यांच्याशी मी सहमत नाही.

>>> नकाराधिकार नसलेला सहभाग ही औपचारिकता आहे

गल्लीतली मलवाहिनी तिथल्याच लोकांची, तिथे हे चालेल. रेल्वेमार्ग शेकडो गावांतून जातो. प्रत्येकाला नकाराधिकार दिला तर एकाच्या नकाराने बाकी सगळ्यांचं दळणवळण अडेल. आणि 'लोक' म्हणजे नक्की कोण? आखणीखाली घर गेलेलं कुटुंब की त्या मार्गाने रोज प्रवास करणारे लाखो? मेक्सिकोत ऑक्टोबर २०१८ मध्ये राजधानीच्या नव्या विमानतळावर जनतेचा कौल घेतला. तेव्हा त्याचं काम जवळपास एकतृतीयांश झालं होतं. एवढ्या मोठ्या देशात दहा लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं, सुमारे ७० टक्क्यांनी दुसऱ्या जागेच्या बाजूने कौल दिला आणि चालू काम रद्द झालं. तलावाच्या जागेवरच्या त्या विमानतळाला पर्यावरणाच्या अंगाने गंभीर आक्षेप होते, हे मान्य. पण इतक्या उशिरा, इतक्या थोड्या लोकांच्या कौलावर असा निर्णय घेणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

---

आडवाट

मेक्सिकोचं उदाहरण तर वाटसरू यांचंच म्हणणं सिद्ध करतं. काम सुरू होण्याआधी विचारलं असतं तर?

'एकाच्या नकाराने सगळं अडेल' हे मला नेहमी ऐकवलं जातं. अमेरिकेत बॉस्टनमध्ये शहरातून महामार्ग न्यायचा होता. घरं पाडून पट्टा मोकळासुद्धा केला होता. रहिवाशांनी विरोध सोडला नाही. १९७० मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी काम थांबवून फेरविचार करायला लावला आणि तो महामार्ग रद्द झाला. त्याच पट्ट्यात पुढे रेल्वे आणि तिच्या कडेने लांबच लांब उद्यान झालं, १९८७ मध्ये मार्ग सुरू झाला. रेल्वे कुठून जावी, कुठे झाकावी, वरच्या जागेचं काय करावं, यात रहिवासी बसले होते. दळणवळण अडलं नाही, वेगळ्या रूपात आलं. पण घरं पाडली गेली होती ती परत आली नाहीत.

---

मृण्मयी_के

कंटूर आणि आडवाट, दोघांनाही विचारते. नकाराधिकार 'प्रत्येक गावाला' आणि 'कोणालाच नाही' यांच्या मधे काही नाही का? पर्याय निवडायच्या टप्प्यावर बाधितांना मताधिकार, आणि एकदा मार्ग ठरला की कारणांसकट बंधनकारक उत्तर, असं?

---

वाटसरू

मृण्मयी, मधली वाट आहे, आणि ती जर्मनीने मोठी ठेच खाऊन शोधली.

श्टुटगार्ट शहराचं जुनं रेल्वेस्थानक जमिनीखाली नेण्याचा प्रकल्प. मंजुरीची सगळी कायदेशीर प्रक्रिया पार पडली होती, हरकतींची संधीही दिली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये काम सुरू झालं आणि शहर रस्त्यावर उतरलं. ३० सप्टेंबर २०१० ला स्थानकाशेजारच्या बागेतली झाडं तोडण्याच्या वेळी पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. त्यानंतर हाइनर गाइस्लर या ज्येष्ठ नेत्याच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एका टेबलाशी बसले आणि ती चर्चा दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. वेळापत्रक, भूगर्भ, खर्च, सगळं लोकांसमोर. नोव्हेंबर २०११ मध्ये राज्यात सार्वमत झालं आणि सुमारे ५९ टक्क्यांनी राज्याने प्रकल्पातून बाहेर पडू नये असा कौल दिला.

म्हणजे बहुमत प्रकल्पाच्या बाजूचं निघालं. लोकांना विचारलं की प्रकल्प बुडतो, ही भीती तिथे खोटी ठरली. पण तो प्रश्न रक्त सांडल्यावर विचारला गेला. पुढे २०१३ मध्ये जर्मनीने प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात तरतूद घातली की मोठ्या प्रकल्पाच्या कर्त्याने मंजुरीचा अर्ज करण्याआधीच लोकांशी बोलावं, यासाठी प्रशासनाने आग्रह धरावा. आग्रहच, सक्ती नाही. ही तिची उणीव आहे. अभियंत्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. कंटूर, तुमच्या व्यवसायातल्या लोकांनी स्वतःहून ते कौशल्य आपलं मानलं, हे मला आशादायक वाटतं.

नकाराधिकाराबद्दल माझी भूमिका सांगतो. माणूस ज्या जमिनीवर जगतो आणि जिथून हलवल्यावर त्याचं जगणंच मोडतं, तिथे संमती हवी. आदिवासी समूहांच्या बाबतीत तर मला यात तडजोड दिसत नाही. बाकी ठिकाणी 'लेखी, कारणांसह, मुद्देसूद उत्तर' ही किमान अट आहे. आऱ्हूस करारातही निर्णय कारणांसह जाहीर करायचं बंधन आहे. प्रत्येक हरकतीपुढे एक रकाना: स्वीकारली, अंशतः स्वीकारली, नाकारली, आणि का. 'नोंद घेतली' हा शब्द त्या रकान्यात चालणार नाही. इतिवृत्तांत हजारो हरकतींपुढे हेच दोन शब्द लिहिलेले मी वाचले आहेत आणि दर वेळी संताप आला आहे. कोणीतरी कामधंदा सोडून, कागद वाचून, धीर करून बोललेला असतो.

---

शंभू७२

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या भागातून एक मोठा रस्ता जाणार आहे, सर्वेक्षणाचे दगड रोवलेत. हरकत लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं? "आमचा विरोध आहे" एवढं पुरतं का?

---

वाटसरू

शंभू, विरोध नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला उत्तर देणं सोपं असतं. आधी कागद मागा: आखणीचा नकाशा, पर्यायांची तुलना, पुराचा आणि वाहतुकीचा अभ्यास. माहिती अधिकारात अर्ज करा. पर्यायांची तुलना झालेलीच नसेल तर ती तुमची पहिली आणि सगळ्यात वजनदार हरकत.

मग एका हरकतीत एकच मुद्दा. विहीर, पाट, शाळेची वाट, दफनभूमी, पुराची रेषा, जे काही बाधित होतंय ते जागेसकट लिहा, छायाचित्र जोडा. तुमच्या मते काय करायला हवं तेही लिहा: आखणी सरकवा, भुयारी मार्ग द्या, मोरी वाढवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. एकाच मजकुरावर पाचशे सह्या घेतल्या तर ती बऱ्याचदा एकच हरकत धरली जाते. पाचशे माणसांनी आपापली जागा, आपापलं नुकसान लिहिलं तर तेवढी उत्तरं द्यावी लागतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही लिहा, मजकूर त्यांचाच ठेवा.

---

कंटूर

त्यात माझी एक भर. दगडांवर किंवा नकाशावर साखळी क्रमांक असतात, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. प्रत्येक हरकतीत तो क्रमांक आणि गट क्रमांक लिहा. "आमच्या शेताजवळ पाणी साचतं" असं लिहिलं तर आराखडा करणाऱ्याला ती जागा सापडत नाही. साखळी क्रमांक दिला की तो त्या पानावर जाऊन मोरीचा आकार तपासतो, निदान त्याला तपासावा लागतो. जुन्या पुराची खूण भिंतीवर असेल तर ती पुसू देऊ नका, तिच्यावर तारीख रंगवून ठेवा आणि सर्वेक्षणाची माणसं परत आली की त्यांना तिची पातळी घ्यायला लावा. मार्ग ठरण्याआधी नकाशा हातात पडला तर तो इथे टाका, मी वाचून देईन.